अखंडराव मोडेम बंद करतात

"ताई, मशीन पाणी घेत नाहीये, बरोबर? मग आता मागच्या बाजूला एक पाइप दिसेल बघा..."

"आधी नळ! नळ सोडलाय का ते विचार तिला," अखंडराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले.

सूनबाईनं हेडफोनच्या माइकवर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता. "नाही हो, साहेब नाहीत माझे," ती माइकमध्ये म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, तसे साहेबच म्हणा. नळ सोडलाय का, विचारताहेत." पलीकडची बाई बघायला गेली असावी. परत आली. "बंद होता? असू दे ताई, होतं असं."

अखंडरावांनी समाधानानं पान उलटलं. घरातली खरी पंचाईत हीच होती. चुकणाऱ्या माणसाला गप्प बसवता येतं. बरोबर सांगणाऱ्याचं काय करायचं?

सूनबाई एका कंपनीसाठी घरगुती यंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकायची. वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, काय वाट्टेल ते. आणि हे काम करायची कुठं, तर भर हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडला खेटून. कारण इंटरनेटचा मोडेम तिथं भिंतीवर होता, त्याला तार जोडायला एकच भोक होतं, आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला तिचा कॉम्प्युटर, खुंट्याला म्हैस बांधावी तसा बांधलेला. मागे एकदा लांब तार आणून मागच्या खोलीपर्यंत नेली होती. तिच्यात सासूबाईंचा पाय अडकला. पातेलं एकीकडे, दूध दुसरीकडे. "आज मी पडले, उद्या तुमचा नंबर," असं त्यांनी बसल्या जागेवरून जाहीर केलं आणि तार गुंडाळून माळ्यावर गेली.

त्यामुळे सूनबाईच्या फोनमध्ये या घराचं सगळं जगणं ऐकू जायचं. कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, शेजारणीचं "आहात का घरात?", आणि सगळ्यांच्या वर अखंडराव.

अखंडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना पंपघरानं दिलं. शहराबाहेर तलावाच्या काठी एक पंपघर होतं, तिथं मिसरूड फुटल्यापासून ते ऑपरेटर. आत शिरलं की पायाखालची फरशी थरथरायची, तोंडातला दातसुद्धा बारीक गुणगुणायचा. नवीन माणूस तासाभरात डोकं धरून बाहेर यायचा. अखंडराव मात्र त्या आवाजातच वाढले. झोपलेल्या बाळाचा श्वास आईला कळावा तसा पंपाचा आवाज त्यांना कळायचा; सूर इकडचा तिकडे झाला की डबा खाताखाता उठायचे. त्यांच्या वस्तादानं पहिल्या दिवशी एकच धडा दिला होता: "चालू यंत्राला हात लावायचा नाही. थांबवणं सोपं असतं पोरा, परत चालू करताना बाप आठवतो." ते खरंच होतं. मोठा पंप थांबला की पाइपातलं पाणी मागे फिरायचं, पाइपात हवा भरायची, आणि ती काढता काढता अख्खा दिवस जायचा. तेवढा वेळ उंचावरची वस्ती कोरडी.

पण हुकूम देणारे साहेब बसायचे शहरात, मुख्य कार्यालयात. पंपघरातल्या काळ्या फोनवर त्यांचा नुसता आवाज यायचा. यातल्या पुष्कळांनी पंप पाहिला होता तो उद्घाटनाची फीत कापताना. मग जुन्या ऑपरेटरांनी एक रीत पाडली होती. फोनवर म्हणायचं, "हो साहेब, केलं." आणि मग आपल्याला जे बरोबर वाटेल ते करायचं. ही रीत वस्ताद चेल्याच्या हाती द्यायचा, पान्याबरोबर.

एकदा एका नव्या साहेबानं फर्मावलं, मोठा पंप ताबडतोब बंद करा. "हो साहेब, बंद केला," अखंडराव म्हणाले, आणि पंपाची घरघर पलीकडे जाऊ नये म्हणून फोनवर टॉवेल गुंडाळला. नंतर कळलं, तो हुकूम दुसऱ्याच पंपघरासाठी होता. यांनी ऐकलं असतं तर टेकडीवरच्या इस्पितळात पाणी गेलं नसतं. साहेब स्वतः गाडी करून आला, हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत, उपकार झाले." त्या दिवसापासून ते अखंडराव. त्यांच्या पाळीत पंप कधी थांबला नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र घरातल्या शांततेनं त्यांना खायला घेतलं. झोपच लागेना. शेवटी त्यांनी आपली कॉट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली; भिंतीपलीकडे फ्रिज होता. फ्रिज गुणगुणायला लागला की हे घोरायला लागायचे. "लोक अंगाई ऐकून झोपतात, यांना कॉम्प्रेसर लागतो," बायको येईल-जाईल त्याला सांगायची. आणि मग हॉलमध्ये सूनबाईचं काम सुरू झालं. दिवसभर यंत्रांच्या गोष्टी! पाणी गळतंय, आवाज येतोय, फिरतच नाही. अखंडरावांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. नुसतं कुणी नेमलं नव्हतं, इतकंच.

नळाच्या त्या प्रकरणानंतर संध्याकाळी चहाच्या वेळी चिरंजीवांनी घसा खाकरला. मुलानं असा घसा खाकरला की काहीतरी त्याच्या बायकोनं सांगायला लावलेलं असतं, हे अखंडरावांना ठाऊक होतं.

"बाबा, हिच्या कंपनीतल्या वरच्या बाई फोन मध्येच ऐकतात. मागे घरातले आवाज येतात म्हणून हिला समज दिली आहे. एकदा नाही, बऱ्याचदा."

"कुकर हळू लावत जा गं," अखंडराव बायकोला म्हणाले.

"कुकरचं नाव नाही घेतलं त्यांनी," सूनबाई कपात बघत म्हणाली. "मागे एक गृहस्थ उत्तरं देतात, ते कोण, असं विचारलं."

बायकोनं तेवढ्यात बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"सोमवारी परत ऐकणार आहेत," मुलगा म्हणाला. "आवाज आला तर काम गेलं. म्हणून आम्ही... एक फ्लॅट बघतोय. रविवारी जाऊन येतो. लांब नाही, बाबा."

"आणि तो राउटर? तू आणलेला, कपाटावर पडलाय तो? तो लावला की बिनतारी होतं ना सगळं? मग मागच्या खोलीत बसेल ना ही, दार लावून?"

"लावायला वेळ कुठं झाला?"

"मी लावतो," अखंडराव म्हणाले. "तुम्ही खुशाल फ्लॅट बघा. याल तेव्हा डबा चालू असेल."

रविवारी दोघं गेली. अखंडरावांनी चष्मा पुसला, टेबलावर जुनी चादर अंथरली आणि शस्त्रक्रिया असल्यासारखं खोकं उघडलं. आत चार शिंगांचा काळा डबा निघाला. पाठीला पिवळ्या भोकांची रांग, आणि जरा बाजूला, एकटं, निळं भोक. सोबतचा कागद त्यांनी नीट वाचला. मोडेममधून सूनबाईच्या कॉम्प्युटरची तार काढली, नवी तार लावली, तिचं दुसरं टोक निळ्या भोकात. टक्. तो आवाज त्यांना फार आवडला. मग डब्याला वीज दिली. दिवे लागले. एक सोडून सगळे हिरवे. तो एक नारिंगी, आणि तो काही केल्या बदलेना.

"झालं का?" बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"होतंय."

"होतंय म्हणजे झालं नाही."

अखंडरावांनी खोक्यावरचा नंबर फिरवला. गाणं वाजलं, पुन्हा वाजलं, आणि मग एका तरुण मुलाचा आवाज आला. त्यानं सगळं शांतपणे विचारून घेतलं. तार निळ्यात आहे ना? आहे. मोडेमला आधी काय जोडलं होतं? कॉम्प्युटर.

"मग काका, सोपं आहे. मोडेमचा स्विच बंद करा, थोडा वेळ थांबा, परत चालू करा."

"मोडेमचा? की या नव्या डब्याचा?"

"मोडेमचा. तो आधीच्या कॉम्प्युटरला ओळखून बसलेला असतो, दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नाही. बंद करून चालू केला की जुनी ओळख विसरतो आणि पुढ्यात असेल त्याला धरतो."

अखंडरावांनी मोडेमकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे, स्थिर. काही म्हणता काही दुखत नव्हतं त्याला. आजारी धाकट्याला सोडून धडधाकट थोरल्याला औषध पाजा म्हणतोय हा! फोनवर काय, नुसता आवाज. त्यानं पाहिलंय का आमचं घर? आणि हा बंद केला आणि परत सुरूच झाला नाही, तर उद्या सोमवार. सूनबाई हॉलमध्येसुद्धा काम करू शकणार नाही.

"हो, केलं," ते म्हणाले. आणि हळूच नव्या डब्याचा स्विच खालीवर केला.

"आता दिवा हिरवा झाला?"

"नाही."

"परत एकदा करून बघा."

"केलं."

बायको दारातून बघत होती. तिनं भुवया उंचावल्या. अखंडरावांनी तिला हातानंच 'आत जा' म्हटलं.

"मग राउटरच खराब दिसतो, काका. दुकानातून बदलून घ्या. सुटीच्या दिवशी तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

"तुमचा काय दोष त्यात," अखंडराव मोठ्या मनानं म्हणाले. पण फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, की आज दुकान बंद आणि उद्या तपासणी. डबा खोक्यात भरताना त्याची शिंगं काही केल्या आत जाईनात.

दोघं परत आली तेव्हा सूनबाईच्या चेहऱ्यावर दिवे लागले होते. "छान आहे फ्लॅट. लहान आहे, पण मागची खोली इतकी शांत!" मग तिला खोकं दिसलं आणि तिनं आवाज खाली आणला. "नाही झालं का, बाबा?"

"डबा खराब निघाला. हेल्पलाइनवाल्यानंच सांगितलं."

"मालकांना उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय," मुलगा बूट काढत म्हणाला. "मग हो म्हणून टाकू."

अखंडरावांनी मान हलवली. सूनबाई मात्र खोक्याकडे बघत राहिली.

"मोडेम बंद-चालू करायला नाही सांगितलं त्यानं?"

"सांगितलं की."

"केलंत?"

"केलं."

सूनबाईनं पर्स खुर्चीवर टाकली. "बाबा, एक गंमत करू. तुम्ही गिऱ्हाईक, मी हेल्पलाइन. तुम्ही तिथंच उभे राहा. मी स्वयंपाकघरात जाते, मला तुम्ही दिसायचे नाहीत." ती गेलीसुद्धा. आतून तिचा कामाचा आवाज आला, गोड आणि घडी घातलेला. "नमस्कार, बोला, काय मदत करू?"

"डबा चालत नाही," अखंडराव हॉलमधून म्हणाले. त्यांना उगाच घाम आला.

"काळजी करू नका, सर. तुमच्या मोडेमचा स्विच बंद..."

"केला."

"नाही केलात."

"तुला काय माहीत? तुला दिसतंय का?"

सूनबाई दारात आली. "दिसत नाही म्हणून तर ऐकता येतं, बाबा. खरंच बंद करणारा माणूस असा चटकन 'केलं' म्हणत नाही. आधी वाकतो, कण्हतो, कुठला स्विच म्हणतो, बायकोला हाक मारतो, बायको त्याच्यावर ओरडते. मग येतो फोनवर. तुम्ही तर माझं वाक्यसुद्धा संपू दिलं नाहीत."

"दुपारी दोन्ही खेपेला असंच," बायको आतून म्हणाली.

"तू गप्प बस."

"लग्न झाल्यापासून गप्पच आहे मी."

मुलाला हसू आवरेना. अखंडराव हसले नाहीत. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पंपघराची गोष्ट सांगायला लागले. वस्ताद, काळा फोन, टॉवेल, इस्पितळ. चालू यंत्राला हात लावायचा नसतो. फोनवरच्या माणसाला पंप दिसत नसतो.

सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"ही गोष्ट मला पाठ आहे, बाबा. आणि साहेब त्या दिवशी चुकलाच होता. पण मी ती नेहमी मनानं पंपघरात बसून ऐकते, तुमच्या शेजारी. आज पहिल्यांदा मी फोनच्या त्या टोकाला जाऊन बसले. तिथं मीच असते ना रोज. माणसं मला 'केलं' म्हणतात. मग मी पुढचा उपाय सांगते, तोही 'केलं'. माझे उपाय संपतात. शेवटी मी म्हणते, मशीन खराब आहे, माणूस पाठवते. तो जातो, एक स्विच दाबतो आणि परत येतो. आणि माझ्या नावावर लागतं, हिला फोनवर काही कळत नाही."

अखंडरावांना दुपारचा तो हेल्पलाइनवरचा मुलगा आठवला. 'त्रास झाला, माफ करा.' त्यानं सांगितलेलं बरोबर होतं, आणि तरी माफी त्यानंच मागितली. यांनी ती घेतलीही, वर मोठेपणा दाखवून. आजवर काळ्या फोनच्या पलीकडे त्यांनी माणूस असा कधी धरलाच नव्हता. पलीकडे असायचा तो साहेब. साहेब म्हणजे फीत आणि कात्री. पण प्रत्येक वेळी हुकूम काही चुकीचा नसणार. आपण किती वेळा टॉवेल गुंडाळला, आणि त्यातल्या किती वेळा पलीकडे एखादा बिचारा खरंच विचार करून बोलत होता, हे आता कुणाला विचारायचं?

ते उठले. खोकं उघडलं, डबा पुन्हा जोडला, तार निळ्या भोकात. मग मोडेमच्या स्विचजवळ वाकले. गुडघा कटकन वाजला. बोट स्विचवर ठेवलं आणि तिथंच राहिलं.

"नाही सुरू झाला परत तर?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"तर मी बघेन," सूनबाई म्हणाली. "तुमच्यावर येणार नाही."

इतक्या वर्षांत हे त्यांना कुठल्याही साहेबानं सांगितलं नव्हतं. अखंडरावांनी स्विच दाबला.

हिरवे दिवे एकदम गेले. चिमुकला डबा तो, आवाज असा कधी नव्हताच त्याला, तरी अखंडरावांना हॉलमधलं काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. ते श्वास धरून उभे. "अहो, श्वास घ्या," बायको म्हणाली. "यंत्र बंद करायला सांगितलंय, स्वतःला नव्हे."

सूनबाईनं मान हलवली तेव्हा त्यांनी स्विच चालू केला. मोडेमचा एक दिवा लागला. विझला. परत लागला. मग दुसरा. नव्या डब्यावरचा नारिंगी दिवा लुकलुकत राहिला, जणू ओळख पटवून देत होता, आणि होता होता हिरवा झाला. मुलगा मोबाइल घेऊन मागच्या खोलीत धावला. "आलं! इथपर्यंत आलं! खिडकीपाशीसुद्धा!"

"बघितलंस?" अखंडराव बायकोला म्हणाले. "सुरू झाला."

"मग मालकांना काय सांगू?" मुलानं बाहेर येऊन विचारलं.

सूनबाई सासऱ्यांकडे वळली. "बाबा, डबा लागला. पण दार लाकडाचंच आहे. तुमचा आवाज त्याच्यातून जातो." ती गोड बोलली नाही, रागावलीही नाही. "उद्याचा दिवस जाऊ दे. मालकांना काय सांगायचं ते उद्या संध्याकाळी ठरवू."

म्हणजे आता गोष्ट डब्यावर नव्हती. अखंडरावांना ते कळलं. कळलं म्हणून ते जेवताना एक शब्दही बोलले नाहीत, तर बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोमवारी सूनबाई पाण्याची बाटली घेऊन आत गेली आणि दार लागलं. हॉल रिकामा झाला. चपलांच्या स्टँडशेजारी तिच्या टेबलाची जागा फरशीवर उजळ उमटलेली होती. अखंडरावांनी वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं दिसत होती, बातमी कळत नव्हती. कान सगळे मागच्या खोलीत.

दाराआडून शब्द तुटक यायचे. "फ्रिज... आवाज कसा येतो ताई? खडखड की घरघर?"

खडखड, अखंडरावांनी मनात म्हटलं. म्हणजे मागे भिंतीला टेकलाय. दुसरं काही नाही. पुढे ओढा, आवाज गेला. एका वाक्याचं काम! ते कधी उठले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दारापाशी पोहोचले. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर. स्वयंपाकघरातून बायको हातात झारा घेऊन टक लावून बघत होती. झारा तिनं वर धरला होता.

आत सूनबाई म्हणाली, "मला ऐकवता का ताई? फोन फ्रिजजवळ न्या." मग गप्प झाली. अखंडरावांना वाटलं, अडकली. आता सुचत नाहीये पोरीला. तोंड उघडणार, इतक्यात त्यांच्या लक्षात आलं, की ती अडकलेली नव्हती. ती थांबली होती. पलीकडे कुणी बाई फोन घेऊन स्वयंपाकघरात चालत गेली असेल, तिला जायला वेळ देत होती. याच जागी, याच गप्प क्षणात, आपण रोज उत्तर टाकत आलो. आपल्याला वाटायचं तिला येत नाही. ती तर समोरच्याचं ऐकायला जागा करून ठेवायची, आणि आपण त्या जागेत जाऊन बसायचो.

"हं, ऐकू आलं," सूनबाई आत म्हणाली. "ताई, फ्रिजच्या मागे हात घालून बघा बरं, भिंतीला लागलाय का?" पुन्हा तीच शांतता, लांबलचक. अखंडराव तीत उभे राहिले. "लागलाय? मग थोडा पुढे ओढा. सावकाश, पाठीला जपून... थांबला ना आवाज? बघा."

अखंडराव चवड्यांवर मागे आले. बायकोनं झारा खाली केला.

दुपारी सूनबाई जेवायला बाहेर आली. केस विस्कटलेले, पण खांदे खाली आलेले. "वरच्या बाईंनी सकाळचे सगळे फोन ऐकले," ती पाणी ओतून घेत म्हणाली. "ऑफिसात बसली होतीस का, म्हणाल्या." मग सासऱ्यांकडे वळून, "फ्रिजवाल्या बाईंच्या वेळी तुम्ही दाराबाहेर होतात. पायांची सावली दिसली मला, फटीतून."

"होतो," अखंडराव म्हणाले.

"उत्तर माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"तू थांबली होतीस." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हटलं, आपणही थांबून बघावं."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मोबाइल उचलला आणि नवऱ्याला लावला. "ऐक, फ्लॅटच्या मालकांना आत्ताच कळव, संध्याकाळची वाट बघू नकोस. नको म्हणून सांग. हो, नक्की. अरे, कारण काय सांगायचं? घरात जागा झाली म्हणावं."

"चला," सासूबाई ताट वाढत म्हणाल्या, "म्हणजे पोळ्या जास्तच लाटायच्या." पण एक पोळी त्यांनी न विचारता सुनेच्या ताटात टाकली.

जेवण होऊन सूनबाई मागच्या खोलीत गेली. दार लागलं, आत फोन वाजला. "नमस्कार, बोला, काय मदत करू?" एवढं ऐकू आलं, आणि अखंडराव उठले. त्यांनी आपली खुर्ची त्या दारापासून लांब, खिडकीपाशी नेली. सरकवली नाही, दोन्ही हातांनी उचलून नेली, फरशीला पाय घासू न देता.